किरायापोटी लुगडं

खोलीत त्रेपन्न वस्तू होत्या. लक्ष्मीकांतनं त्या दोनदा मोजल्या, एकदा दारापासून उजव्या हातानं आणि एकदा डाव्या, आणि दोन्ही वेळा आकडा जुळला तेव्हा तो खाटेच्या कडेला टेकला. सव्वीस वस्तू त्याच्या होत्या, एकवीस घरमालकीण पुष्पाबाईंच्या, आणि सहा कोणाच्या हे ठरत नव्हतं. खाट त्यांची, गादी त्याची. कंदील त्यांचा, पण काच त्याची. जुनी काच त्याच्या हातून फुटली होती आणि त्यानं खामगावहून नवी आणली होती. काचेशिवाय कंदील धरायचा कसा, म्हणून ती जोडी त्यानं न ठरणाऱ्यांत टाकली. एक तांब्या कधीतरी त्याच्या तापात पाणी घेऊन इकडे आला होता तो परत गेलाच नव्हता. एक घोंगडी अशी होती की तिच्या अर्ध्या भागाला पुष्पाबाईंनी जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं होतं. मोजणी खात्यात नोकरी करून त्याला अकरा वर्षं झाली होती आणि कचेरीतल्या कोणत्याही कागदात 'ठरत नाही' असा रकाना नव्हता. धुऱ्यावरच्या बाभळीचीही फांदी कोणाच्या शेतात किती गेली हे लिहिता येत असे.

मोजायचं कारण सकाळी घडलं होतं. तो न्हाणीजवळच्या दगडावर तोंड धूत होता आणि नीळकंठ, पुष्पाबाईंचा मुलगा, मागं येऊन उभा राहिला. "मामा," तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत खोली रिकामी होईन का?" लक्ष्मीकांतच्या तोंडात राखुंडी होती. त्यानं चूळ भरली, ती टाकली, पुन्हा भरली. नीळकंठ म्हणाला, "म्हंजे घाई नाही. प्रेमलाले दिवस गेले. मंधातल्या खोलीत आई, मांगं चूल अन् धान्याच्या कोठ्या. तुम्हीच पाहून राह्यले." लक्ष्मीकांत म्हणाला, "पाहतो." इतकंच बोलणं झालं. नीळकंठ बरं म्हणून सायकल काढून कचेरीला गेला, आणि दगडावरून उठताना लक्ष्मीकांतला असं वाटलं की पायाखालची जमीन एखाद्या सुताएवढी खाली गेली आहे. त्यानं खरोखरच खाली पाहिलं. दगड होता तिथंच होता.

मागणं रास्त होतं. हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं आणि दिवसभर कचेरीत टिपणं उतरवतानाही कळत राहिलं. घर तीन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं. पुढं ओसरी आणि अंगण, अंगणाच्या कडेला न्हाणी आणि आड. त्यातली ओसरीला लागून असलेली खोली त्याच्याकडे होती. नीळकंठचं आणि प्रेमलाचं लग्न वैशाखात झालं, मूल फाल्गुनात होणार होतं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की परक्यानं आता उठावं. बुलढाण्यात खोल्या मिळत होत्या. नव्या राज्याला तीन वर्षं झाली होती, कचेऱ्या वाढत होत्या, नोकरदार येत होते आणि लोक गोठे सारवून खोल्या काढत होते. त्याच्या टेबलाशेजारच्या कारकुनानं तर दुपारी दोन पत्ते सांगितलेही. लक्ष्मीकांतनं ते कागदावर उतरवून घेतले आणि त्यांतल्या एकाही घरी तो गेला नाही. तो संध्याकाळी परत आला, दार लोटलं, आणि मोजायला लागला.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. मातीची भिंत, चौदा इंच जाड. एकदा दिवाळीत सारवताना वरचा पोपडा पडला तेव्हा त्यानं मोजली होती. तिच्यातून शब्द कळत नसत, आवाज येत. परातीत पीठ पडल्याचा, मग पाणी, मग भाकरी थापल्याचा थप थप थप आणि प्रत्येक भाकरीच्या शेवटी एक छोटासा थांबा, भाकरी तव्यावर जाईपर्यंत. तो मोजत असे. मास्तर होते तेव्हा नऊ व्हायच्या. मास्तर गेले आणि नीळकंठ अमरावतीला शिकायला गेला त्या वर्षांत तीन. तो स्वतः खानावळीत जेवायचा, पण गुरुवारी आणि सणाला पलीकडे ताट असे, आणि त्या दिवशी मोजणीत दोन वाढत. आज सात झाल्या. आज गुरुवार नव्हता. तो भिंतीला पाठ टेकून बसला आणि त्याला जाणवलं की गेली अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी याच जागी असाच बसत आला आहे, हातात पुस्तक धरून, आणि पुस्तकाची पानं फारशी उलटत नाहीत. माणसं शेकोटीजवळ बसतात ती काही शेकोटीशी बोलायला नाही. त्याला ह्या आवाजाची ऊब लागत होती. ती कोणत्या खात्यात धरायची?

तो आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. मेहकरकडचं घर एका वर्षात रिकामं झालं होतं, आधी आई आणि सात महिन्यांनी वडील; भाऊ नाही, बहीण नाही. पुष्पाबाईंचे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांनी खोली दाखवली, किराया सांगितला, आणि तो द्यायला लागला. पावती त्यांनी दिली नाही, त्यानं मागितली नाही. मास्तरांसारख्या माणसाकडे पावती मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर तुम्ही लबाड आहात म्हणण्यासारखं झालं असतं. मग दिवाळी आली. भाऊबीजेला तो खोलीतच सदऱ्याला टाका घालत बसला होता आणि पुष्पाबाई दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमाले बहीन नाही, मले भाऊ नाही. या, पाटावर बसा." तो बसला. ताटात घालायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो खामगावला गेला आणि एक लुगडं घेऊन आला. पुढच्या महिन्यात तो किराया घेऊन गेला तेव्हा मास्तर हसले. "मेव्हण्यापासून किराया घेऊ? शाळेत पोरं हसतील माझ्यावर." त्यानंतर किराया गेला नाही. त्यानं नीळकंठला गणित शिकवलं. ज्वारीचं पोतं आणून टाकलं. आणि दर दिवाळीला एक लुगडं. मास्तर वारले त्या वर्षी पुष्पाबाई ताट घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या की आता तुम्ही कोणाला ओवाळायचं नसतं. लक्ष्मीकांत ओसरीवर उभा होता. तो आत गेला, कोपऱ्यातला पाट स्वतःच मांडला आणि बसला. त्यांनी ओवाळलं. निरांजन हलत होतं. आयुष्यात आपण काही एक बरोबर केलं असेल तर ते हे, असं त्याला वाटत आलं होतं.

बरोबर केलेल्याच्या शेजारी दुसरंही एक होतं, आणि ते त्याला दोन दिवसांनी आठवलं, अर्जुनराव वकिलांच्या बैठकीत. तिथं तो का गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पाय गेले. अर्जुनराव सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "दुसरी खोली काऊन नाही पाहत? एकटे जीव तुम्ही. एक ट्रंक अन् एक वळकटी."

"तीच खोली पाहिजे."

"काऊन?"

अर्जुनरावांनी दोन-तीन वेळा अडकित्ता वाजवला. "बरं. कारण नसलं तरी चालते. कायद्याले कारण लागत नाही, किरायेदार लागते. किरायेदार असाल तं रेंट कंट्रोलरच्या परवानगीबिगर तुमाले बाप बी काढू शकत नाही. पण तुम्ही किरायेदार हाये का? पावती?"

"नाही."

"किराया?"

"दहा वर्षं दिला नाही."

"मंग तुम्ही पाहुणे. पाहुण्याले निंघ म्हटलं की निंघा लागते, बाप्पा." ते हसले, आणि मग त्यांचं हसणं थांबलं. "काहीच देत नव्हते? आंबे, ज्वारी, काही?" त्यानं ज्वारीचं सांगितलं, ती कधी दिली कधी नाही, आणि मग, विचारलं म्हणून, लुगड्याचंही सांगितलं. अर्जुनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "दर साल?" "दर साल." "एकाच दिवशी?" "भाऊबीजेला." "चुकलं कधी?" "नाही." "वा," अर्जुनराव म्हणाले. "दर साल, ठरलेल्या दिवशी, ठरलेली चीज. याले किराया नाही तं काय म्हंतात? साहेबानं विचारलं तं सांगजा, किरायापोटी लुगडं. बस्स. बाकीचं मी पाहतो."

ते अर्ज लिहीत असताना लक्ष्मीकांत त्यांच्या बोटांकडे पाहत होता आणि त्याला दुसरीच बोटं दिसत होती. कडूबाची. देऊळघाटच्या रस्त्याला पुष्पाबाईंचं चार एकर शेत होतं आणि ते चौदा वर्षं कडूबा बटाईनं वाहत होता. निम्मं पीक त्याचं, निम्मं मालकाचं. तीन वर्षांपूर्वी सगळ्या जिल्ह्यात कूळकायद्याची धावपळ होती. जो कसतो तो कूळ ठरला की मालकाला शेत काढून घेता येत नाही, हे ऐकून पुष्पाबाई घाबरल्या होत्या. मास्तर नव्हते, नीळकंठ शिकत होता. त्यांनी विचारलं, "भाऊ, आता कसं?" आणि त्यानं मार्ग काढला होता. मार्ग साधा होता. मोजणीला गावोगाव हिंडताना त्यानं तो पंधरा-वीस ठिकाणी पाहिला होता. कडूबाला घरी बोलावलं, जेवू घातलं, आणि लक्ष्मीकांतनं स्वतःच्या वळणदार अक्षरात जबानी लिहिली: मी कूळ नाही. घरचा माणूस म्हणून शेत पाहत होतो. कडूबाला ती वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "बराबर हाये. मास्तरनं माह्या मायले खांदा देल्ला. त्याईच्या घरावर मी कूळ लावू का?" आणि अंगठा पुढं केला. अंगठा रुंद होता, नख मधोमध चिरलेलं. शाई लावताना लक्ष्मीकांतनंच तो धरला होता आणि नंतर चिंधीनं पुसलाही होता. तहसीलदारांसमोर कडूबानं तेच तोंडी सांगितलं. शेत सुटलं. पुढं ते विकलं गेलं आणि नीळकंठचं शिक्षण झालं. लक्ष्मीकांतनं त्या वेळी मनात म्हटलं होतं की हा माणूस भोळा आहे. आपल्या जागी उभं राहून त्याला स्वतःची जागा दिसली नाही. हे त्यानं एखादी मोजणी न जुळल्यासारखं म्हटलं होतं. त्यात राग नव्हता, दयाही नव्हती.

आपल्याला किरायेदार ठरवावं असा त्याचा अर्ज रेंट कंट्रोलरकडे दाखल झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी पुष्पाबाई त्याच्या दारात आल्या. हात पिठाचे होते. त्या आत आल्या नाहीत.

"भाऊ, कागद काऊन केला?"

तो उभा राहिला. "ताई, बसा ना."

"बसत नाही. तव्यावर भाकर हाये. मी म्हनतो, कागद काऊन केला? कचेरीचा शिपाई आला घरी. मास्तरच्या वख्ती कोनता शिपाई आला होता?"

"खोली सोडून मी कुठं जाऊ?"

"बुलढान्यात खोल्या नाहीत का?"

"आहेत."

"मंग?"

त्याला त्यांना सांगायचं होतं की खोल्या आहेत, पण त्यांच्या भिंतींपलीकडे दुसरे लोक राहतात. ते वाक्य त्याच्या मनात अगदी नीट तयार होतं आणि तोंडाशी येईपर्यंत त्याचा काहीच अर्थ उरला नाही. तो म्हणाला, "इथं सवय झाली आहे."

"सवयीसाठी कोनी कचेरीत जाते का? मले सांगतलं असतं, मी नीळकंठले समजावलं असतं."

"अडवलं असतंत तुम्ही त्याला?"

कुठेतरी करपल्याचा वास आला, आणि त्या गेल्या. मग थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याला मोजायचं नव्हतं तरी त्यानं मोजल्या. त्या दिवशी गुरुवार होता. सात.

नीळकंठनं उत्तर स्वतःच लिहिलं. वकील केला नाही. त्याची नक्कल लक्ष्मीकांतला मिळाली ती त्यानं कचेरीच्या व्हरांड्यात उभ्यानं वाचली. अक्षराला त्यानंच लावलेलं वळण होतं. 'ळ' चा खालचा वेढा जरा जास्त मोठा, ही खोड काही गेली नव्हती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: अर्जदार हे भाडेकरू नाहीत. घरचा माणूस म्हणून राहत होते. त्यानं ते पुन्हा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. व्हरांड्यात तीन-चार खेडूत उकिडवे बसले होते, एकाच्या पायाशी कोंबडी बांधलेली होती, आणि त्याला एकदम असं वाटलं की आपला उजवा अंगठा ओला आहे. त्यानं तो धोतराला पुसला. कोरडा होता. पोरगं हुशार होतंच. कडूबाची जबानी लिहिली तेव्हा ते सुटीत घरी आलेलं होतं आणि दिवा धरून शेजारी बसलं होतं.

सुनावणी दसऱ्याच्या आठ दिवस आधी झाली. अधिकारी नवा होता, पुण्याकडचा, त्याला घसा खाकरायची सवय होती. खोलीत पंखा नव्हता. पुष्पाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी आमसुली लुगडं नेसलं होतं, बारीक पांढऱ्या काठाचं. सातव्या वर्षाचं. दुकानदारानं ते उलगडलं तेव्हा काठ एका ठिकाणी दोन बोटं फिका होता, आणि तेवढ्यासाठी त्यानं दुसरं मागितलं होतं, दुसरं नव्हतं. तो फिका तुकडा आता त्यांच्या खांद्यावर आला होता.

"हे तुमचे कोण?" अधिकाऱ्यानं नीळकंठला विचारलं.

"मामा."

"सख्खे?"

"मानलेले. पण सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते." कोपऱ्यातला कारकून हसला आणि गप्प झाला.

"बाई, तुम्ही सांगा. कोण हे तुमचे?"

"भाऊ."

"मग भावाला घराबाहेर का काढता?"

पुष्पाबाईंनी पदर सावरला. "बाहेर कुठं काढून राह्यलो साहेब? खोली मांगतली. भावाले मांगता येते. किरायेदाराले मांगता येत नाही म्हनते तुमचा कायदा."

अधिकाऱ्यानं समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. मग लक्ष्मीकांतकडे वळून त्यानं विचारलं की दर वर्षी दिलेल्या लुगड्यांचा उल्लेख अर्जात आहे, ती एकूण किती. दहा, लक्ष्मीकांतनं सांगितलं. कोणत्या दिवशी? भाऊबीजेला. त्या दिवशी तुम्हाला ओवाळत होत्या का? होत्या. "मग सरळ सांगा," अधिकारी म्हणाला, घसा खाकरून, "ती भाऊबीज होती का भाडं?"

अर्जुनराव खिडकीबाहेर पाहत होते. लक्ष्मीकांतला आपल्या कानांत एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, उन्हात मोजणीची साखळी ओढत दिवसभर चाललं की येते तशी. त्यानं हिशेब केला नाही असं नाही. भाऊ म्हटलं तर दसऱ्याला ट्रंक उचलायची. आणि मग त्या बोलावतील, सणाला, आणि तो येईल, पाहुणा म्हणून, चप्पल काढून, आणि जेवून परत जाईल कुठल्यातरी सारवलेल्या गोठ्यात, जिथं संध्याकाळी काहीच ऐकू येणार नाही. वर्षातून चार संध्याकाळी एका बाजूला, बाकीच्या तीनशे एकसष्ट दुसऱ्या. किरायेदार म्हटलं तर सगळ्या तीनशे पासष्ट. वजाबाकी सोपी होती. तिच्यात कुठेतरी चूक आहे हे त्याला दिसत होतं, पण कोणत्या ओळीत ते सापडायला वेळ हवा होता, आणि समोरचा माणूस टाक उचलून थांबला होता.

"किरायापोटी," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"किरायापोटी लुगडं देत होतो."

कारकुनानं लिहिलं. नीळकंठ काहीतरी म्हणाला, तावातावानं, ते त्याला ऐकू आलं नाही. पुष्पाबाईंनी मान खाली घातली आणि आपल्या पदराकडे पाहिलं, आधी खांद्यावरच्या, मग हातातल्या, जणू तो आत्ताच कोणीतरी त्यांच्या अंगावर टाकला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी गोळा करून पोटाशी धरला. आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, निघायचं कोणी सांगेपर्यंत.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. अर्जुनराव म्हणाले, "पेढे आना साहेब," आणि त्यानं आणले. पुढचा आठवडा तो धाड गावाकडे मोजणीवर होता. परत आला त्या दिवशी बाजार होता आणि मोटारस्टँडच्या बाहेर त्याला कडूबा भेटला, डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं. दुसऱ्याच्या शेतातल्या मिरच्या. तो आता रोजानं जात होता. त्यानं गाठोडं उतरवलं आणि लांबूनच रामराम घातला.

"जितले म्हंतात साहेब?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बाईनंच सांगतलं. दसऱ्याले जेवाले होतो न मी तिकडं." तो डोळे बारीक करून हसला. "लय बेस केलं. मले तवा कोनी सांगतलंच नाही का असं बी म्हनता येते."

लक्ष्मीकांतनं गाठोड्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जेवायला बोलावतात अजून?"

"हाव. दर सनाले. शेत गेलं पन ताट हाये. आता तुमी म्हनसान का एका ताटानं काय होते? काहीच नाही होत." त्यानं गाठोड्याची गाठ ओढून पाहिली. "पोरगं माहं म्हनते का नोको जाऊ. पन जातो आपला. न जाऊन बी शेत कुठं येते? तुमाले वाढते का बाई?"

"नाही."

"न्हाईच वाढन," कडूबा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लक्ष्मीकांत शोधत होता ते काहीच नव्हतं, खुशी नाही की खोच नाही. "हात द्या साहेब जरासा." लक्ष्मीकांतनं गाठोडं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं. मिरच्यांनी त्याला शिंक आली आणि नंतर बराच वेळ डोळ्यांची आग होत राहिली.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी कचेरीला सुटी होती आणि सकाळपासून तो खोलीत होता. अकराव्या वर्षाचं लुगडं त्यानं आणलं नव्हतं. आणलं असतं तर ते काय म्हणून द्यायचं? सकाळी प्रेमलाचा भाऊ अकोल्याहून आला, ओसरीवर हसणं झालं, नारळ फुटला. प्रेमला लक्ष्मीकांतच्या दारावरून जाताना पदर डोक्यावर घेत असे, नव्या माणसासमोर घेतात तसा. संध्याकाळी थोडा वेळ सगळं शांत झालं. तो खिडकीशी उभा होता तेव्हा पुष्पाबाई ताट घेऊन अंगणात आल्या. ताटात निरांजन होतं, सुपारी होती. लक्ष्मीकांतनं नकळत दाराकडे पाहिलं. पण त्या ओसरीकडे वळल्या नाहीत. आडाजवळ जाऊन, पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथं कवेलूंच्या वर दुजेची कोर होती, नखाएवढी, उतरत चाललेली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. त्यांनी ताट तीनदा फिरवलं. वाऱ्यानं ज्योत आडवी झाली तशी त्यांनी तिला हाताचा आडोसा केला, आणि क्षणभर तो हात लाल दिसला. मग त्या आत गेल्या. कोर सात मिनिटांनी शेजारच्या घराआड गेली.

निकालात शेवटी एक वाक्य होतं. पुढं तंटा होऊ नये म्हणून अर्जदाराच्या ताब्यात नेमकी किती जागा आहे याचा नकाशा दोन्ही बाजूंच्या सहीनं दोन महिन्यांत दाखल करावा. ओसरी, अंगण, न्हाणी, आड यांतलं काय भाड्यात येतं? अर्जुनराव म्हणाले, वापर दाखवा, सगळं मांगा. लक्ष्मीकांत म्हणाला, नाही. मोजणीदार बोलवायचा तर त्याच्याच कचेरीतला आला असता, म्हणून नीळकंठ तुटकपणे म्हणाला, "तुम्हीच मोजा. तुमच्या मोजण्यात खोट नसते, एवढं आम्हाले माहीत आहे."

कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी खोली मोजली. ट्रंक आणि खाट भिंतीपासून ओढली. नीळकंठनं फितीचं टोक पूर्वेच्या भिंतीला दाबून धरलं. लहानपणी त्याच्याकडून क्षेत्रफळ शिकताना धरायचा तसंच, दोन बोटांनी आणि अंगठ्यानं. "धरलं," तो म्हणाला. लक्ष्मीकांत फीत ताणत पश्चिमेच्या भिंतीपर्यंत गेला. ओसरीत पुष्पाबाई उभ्या होत्या, सही करायला आलेल्या. भिंतीपलीकडे प्रेमला भाकरी थापत होती. तिचा हात वेगळा होता, जलद, मधला थांबा नसलेला.

"ओसरी धरायची का?" नीळकंठनं विचारलं.

"नाही."

"आडावर पाणी भरता तुम्ही."

"नळ येणार आहे चौकात. धरू नको."

"लिहा मंग," ओसरीतून पुष्पाबाई म्हणाल्या. "उंबऱ्याच्या अलीकडं तुमचं, पलीकडं आमचं. लिहा, साहेब."

त्यानं फीत उंबऱ्याच्या आतल्या कडेला लावली, पुन्हा एकदा तपासली, आणि टिपणवहीत लिहिलं. पूर्व-पश्चिम अकरा फूट चार इंच. दक्षिण-उत्तर आठ फूट सहा इंच. एकूण क्षेत्र शहाण्णव चौरस फूट अठ्ठेचाळीस चौरस इंच.